चौदाव्या कागदावरचं माणूस

१

बाबांना पुरल्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या कागदांमधला एक कागद जागेवर नसल्याचं माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या कुणाच्या घरी मी त्याकडे दुर्लक्ष केलं असतं. पण माझे बाबा, डॉ. सिग्वार्ट ब्रून, विजेच्या दिव्यावरसुद्धा तो कधी बदलला याची तारीख लिहिणारे होते. आमच्या घरात वस्तू हरवत नसत. त्या एकतर जागेवर असत, नाहीतर कुणीतरी उचललेल्या असत.

खोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'स्केदाल, हिवाळा १९८८'. बाबांचं नाव झालं ते या खोक्यामुळे. त्या हिवाळ्यात ते स्केदाल नावाच्या डोंगराळ खोऱ्यात सरकारी डॉक्टर होते. खोऱ्यात अकरा माणसं लिस्टेरिया या अन्नातून पसरणाऱ्या जंतूच्या तापाने आजारी पडली, पाच गेली. ही माणसं एकमेकांच्या घरी जेवलेली नव्हती. बाबांनी सहा आठवडे पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि दोष एका जागी आणून ठेवला: बोर्गहिल नावाच्या बाईच्या शेळीच्या दुधाचं चीज. तिचा कारखाना, म्हणजे गोठ्यामागची एक खोली, बंद झाली. शेळ्या मारल्या गेल्या. ऑस्लोच्या संस्थेने बाबांना बोलावून घेतलं, त्यांचा लेख छापून आला आणि पुढची तीस वर्षं त्यांनी साथी शोधायला शिकवलं. देशातले निम्मे साथरोगतज्ज्ञ त्यांचे विद्यार्थी. अंत्यविधीच्या वेळी त्यांतल्या एकाने बाबांचं वाक्य सांगितलं, "शेवटचा रकाना आधी वाचा." सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. मीही हसले.

आता संस्था एका सभागृहाला त्यांचं नाव देणार होती आणि हे खोकं काचेमागे ठेवणार होती. म्हणून मी कागद लावत बसले होते.

पद्धत सोपी होती. प्रत्येक आजारी माणसामागे एक धडधाकट माणूस निवडायचा, त्याच वयाचा, सर्वांत जवळच्या घरातला, बाईला बाई, पुरुषाला पुरुष. दोघांना तेच प्रश्न विचारायचे. मग कोणी काय खाल्लं याची तुलना करायची. आजाऱ्यांना विषम आकडे, धडधाकटांना सम. एक ते बावीस.

चौदा नव्हता.

फेब्रुवारीतला टंकलिखित कच्चा अहवाल मी काढला. त्यात लिहिलं होतं, 'अकरा आजारी, अकरा निरोगी'. वर्षभराने छापलेल्या लेखात, 'अकरा आजारी, दहा निरोगी'. मधल्या काळात एक निरोगी माणूस नाहीसा झाला होता आणि बाबांनी त्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

त्याच दिवशी पत्र आलं. ओळी थरथरत्या हाताच्या, मजकूर मुळीच थरथरता नव्हे.

'तुमच्या वडिलांच्या नावाचं सभागृह होणार असं वर्तमानपत्रात आल्याचं कळलं. माझं चीज चांगलं होतं. मी शहाऐंशी वर्षांची आहे. हे कुणीतरी लिहून दिलेलं मला मरण्याआधी हवं आहे. चौदावा कागद बघा. बोर्गहिल.'

पत्र मी पुन्हा वाचलं. तो कागद तिथे नाही हे मला तासाभरापूर्वी कळलं होतं. तिला ते कधीपासून माहीत होतं?

२

स्केदालला गाडीने चार तास लागतात. आईबाबा तिथे राहायला गेले तेव्हा मी ऑस्लोत शिकत होते. त्या घरी मी फक्त दोन नाताळ काढले. पहिल्या नाताळात घर इतकं गार होतं की आम्ही कोट घालून जेवलो. दुसऱ्या नाताळात मात्र मी माझे लोकरी मोजे तळघरात दोरीवर वाळत घातले होते आणि ते सकाळपर्यंत कडकडीत वाळले होते. जुन्या घरासमोरून जाताना मला एवढंच आठवलं.

गुनवोर तेव्हा बाबांच्या हाताखाली परिचारिका होती. आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मला दारात बघून तिने वॉफलचं भांडं तापत ठेवलं.

"वीग्दिस ना तू? बापाचं कपाळ घेतलंयस. ये. बूट काढ, फरशी मी पुसलीय, तू नाही."

मी बूट काढले. चौदाव्या कागदाचं विचारलं.

"आजारी माणसांना डॉक्टर विचारायचे. धडधाकटांना मी. त्यांना धडधाकट माणसांचा कंटाळा यायचा." तिने वॉफल पालथं केलं. "अकराही कागद मी भरले. सगळे दिले."

"चौदावर कोण होतं?"

"चौतीस वर्षं झाली पोरी. मला काल काय जेवले ते आठवत नाही."

"काल काय जेवलात?"

"बटाटे आणि मेंढीचं मटण," ती पटकन म्हणाली आणि मग स्वतःवरच चिडली. "हुशार आहेस. तेही बापाचंच."

तिने माझ्या ताटलीत तपकिरी चीजचे दोन काप ठेवले.

"मला एवढं सांगा, कागद कुणी घेतला असेल? बोर्गहिलवर कुणाचा राग होता?"

"राग कशाला लागतो? हालवारला जाऊन विचार. डेअरीचा मॅनेजर होता तेव्हा, आणि पंचायतीचा अध्यक्षही. बोर्गहिल गावभर चीज विकायची ते त्याला कधीच खपलं नाही. ती बंद झाली तेव्हा त्याने डेअरीवर झेंडा चढवला. वाढदिवस आहे म्हणाला. कुणाचा ते नाही सांगितलं."

मी निघाले तशी ती माझ्या मागे पायरीपर्यंत आली. हातातलं फडकं पिळत राहिली.

"हे बघ, मी तुला काही सांगितलेलं नाही. पण चौदा कोण हे शोधत बसू नकोस. तेरा कोण होती ते बघ."

आणि तिने दार लावून घेतलं.

३

हालवार अंगणात लाकडं रचत होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण मी मदतीला उचललेला ओंडका त्याने माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः नीट लावला.

"डॉक्टरांची मुलगी. काय पाहिजे? तुझ्या बापाने या खोऱ्याला वाचवलं, हे मी कुठेही सांगेन."

"आणि तुमच्या डेअरीलाही."

तो हसला. "गुनवोरकडे जाऊन आलीस तर. झेंड्याची गोष्ट सांगितली असेल. माझ्या सासूचा वाढदिवस होता. गुनवोर अजून कुणाला ते खरं वाटू देत नाही."

"बोर्गहिलने वर दाद मागितली होती ना? जूनमध्ये?"

"मागितली. सुनावणी माझ्यापुढेच झाली." तो ओंडक्यावर बसला. "तुला वाटत असेल कागद मी पळवला. मला काय गरज? तिच्या चीजच्या खोलीतल्या नाल्यात तो जंतू मिळाला होता."

"तो पुष्कळ नाल्यांत मिळतो. बाबाच शिकवायचे."

"ते नंतर शिकवायचे," हालवार म्हणाला. "आमच्यापुढे नाही म्हणाले तसं."

तोच पुढे बोलला.

"बोर्गहिलला सगळ्या कागदांच्या प्रती दिल्या होत्या, नावं खोडून. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण शेळ्या मोजायची सवय. तिने कागद मोजले. उभी राहून विचारलं, चौदा कुठे आहे? तुझे वडील म्हणाले, ती मुलाखत अपुरी होती, म्हणून वगळली. दहाच धरले आहेत. मी पुढचा मुद्दा घेतला. मला वाटलं, बाई फाटे फोडतेय."

म्हणजे जूनमध्ये आकडा दहा झाला होता. फेब्रुवारीत तो अकरा होता. आणि 'अपुरी' हा शब्द बाबांनी पंचांपुढे उभं राहून वापरला होता.

"दुसऱ्या कशाचा संशय कुणाला आला नाही?" मी विचारलं. "मुरवलेल्या माशाचा?"

स्केदालमध्ये शरदात तळ्यातली ट्राउट बादलीत मिठात घालतात, तीन महिने मुरवतात आणि नाताळच्या सुमाराला कच्चीच खातात. त्या माशातूनही हा ताप येतो, हे आता शाळेतली मुलंही जाणतात.

"मासा सगळ्यांनीच खाल्ला होता. आजाऱ्यांनी आणि धडधाकटांनी. आणि प्रत्येकाने घरचाच. विकतचा कुणी खात नाही इथे, लाज वाटते. अकरा घरांचे अकरा मासे एकदम कसे बिघडतील? तुझ्या बापानेच तेव्हा मला हे समजावलं." त्याने पुन्हा ओंडका उचलला. "माझा मासा तर माझ्या तळघरात असतो. खडकातलं तळघर आहे. डॉक्टरांच्या तळघरात बादली ठेवायची पाळी आमच्यावर कधी आली नाही."

"कुणाच्या तळघरात?"

हालवारने माझ्याकडे पाहिलं. मला हे माहीत नाही, याचं त्याला खरोखर नवल वाटलं होतं.

४

मी गाडी नदीकाठी उभी केली आणि खोकं मांडीवर घेतलं.

तेरा नंबर: अस्लाउग, वय त्रेचाळीस, शाळेत साफसफाईचं काम, चर्चखालच्या वाटेवर भाड्याचं घर. तापातून वाचली, पण एका कानाने ऐकू येईनासं झालं. मासा खाल्ला का? हो. कुठला? 'घरचा.' बोर्गहिलचं चीज? हो.

मी बाकीचे आजारी काढले. अकराही भाड्याच्या घरातले किंवा लहान घरातले, सगळे चर्चच्या बाजूचे. मासा सगळ्यांचा 'घरचा'. त्यांतल्या एकाच्याही घराला तळघर असणं शक्य नव्हतं. ती घरं जमिनीवर दगड मांडून उभी केलेली आहेत. मी काचेतून समोर बघतच होते.

मग बादली कुठे ठेवायचे? हालवारने सांगितलं होतं. चर्चच्या बाजूला सर्वांत गार तळघर डॉक्टरांच्या सरकारी घराचं. जुन्या डॉक्टरांच्या काळापासून तळघर नसलेली माणसं तळ्यातला आपला वाटा घेऊन तिथे मुरवत ठेवत. तळघराला बाहेरून वेगळं दार होतं. बादलीवर आपली खूण करायची, अधूनमधून येऊन मीठ बघायचं, नाताळला घेऊन जायची. आणि तो मासा आपल्या घरचाच. कुणी विचारलं तर दुसरं उत्तर तोंडात येणारच नाही. त्यात खोटं काही नव्हतं. मासा त्यांचा होता, मीठ त्यांचं होतं, फक्त गारवा डॉक्टरांचा.

शहरातून आलेल्या माझ्या बाबांनी अकरा वेळा 'घरचा' लिहून घेतलं आणि अकरा घरं मोजली. तिथे एकच घर होतं.

चीजचंही कोडं मग सुटलं. ज्याच्याकडे तळघर नाही, त्याच्याकडे गाडीही नव्हती. डेअरीचं दुकान नदीपलीकडे. बोर्गहिल दारात आणून द्यायची. आजाऱ्यांनी तिचं चीज खाल्लं, कारण ते तळघर नसलेले होते; शेजारचे तळघरवाले डेअरीचं आणत आणि मासा आपल्याच तळघरात मुरवत. चीज आणि ताप एकाच घरात राहत होते, एवढंच.

पण एका तळघरातल्या सगळ्या बादल्या त्याच वर्षी कशा बिघडल्या? मासा मुरतो तो थंडीत. पारा चार-पाच अंशांच्या वर गेला की जंतूंचं फावतं.

माझे मोजे. दोरीवर सकाळपर्यंत वाळलेले मोजे, आणि भिंतीशी झाकण लावलेल्या बादल्यांची रांग. मला वाटलं होतं, रंगाच्या असतील.

राहिला चौदा. तेराच्या सर्वांत जवळच्या घरातली, त्याच वयाची बाई. अस्लाउगच्या घराच्या एका बाजूला चर्चची भिंत आहे. दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचं घर. १९८८ मध्ये त्या घरात चव्वेचाळीस वर्षांची एक बाई राहत होती. ती किनाऱ्यावरच्या बर्गनची. त्या माशाचा वास तिला सहन होत नसे, म्हणून ती कधी आजारी पडली नाही.

ती आता ऑस्लोत माझी जेवायला वाट बघत होती.

५

आईने कॉडचं सूप केलं होतं. मी खोकं टेबलावर ठेवलं. तिने खोक्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"चौदा नंबर तू होतीस," मी म्हणाले.

"हो."

एवढा सरळ होकार मी गृहीत धरला नव्हता. मी खुर्चीत बसले.

"गुनवोर आली होती कागद घेऊन," आई म्हणाली. "मासा खाल्ला का? म्हटलं, नाही गं बाई. मग शेवटी 'इतर माहिती' असा रकाना होता. तिने विचारलं, आणखी काही? मी गंमत म्हणून सांगितलं, मी खात नाही पण अख्ख्या गावाच्या बादल्या माझ्या तळघरात आहेत, आणि यंदा भट्टी बसवल्यापासून वास वरपर्यंत येतो. तिने लिहून घेतलं. आम्ही दोघी हसलोसुद्धा."

"भट्टी."

"त्या हिवाळ्याआधीच्या ऑगस्टमध्ये घर तापवायला तळघरात तेलाची भट्टी बसवली सिग्वार्टने. माझे सांधे धरायचे. मी मागितली नव्हती. त्याने आश्चर्याचा धक्का म्हणून आणली होती."

"मग त्यांनी फेब्रुवारीतच का नाही वाचलं?"

"कोष्टकात हो आणि नाही एवढंच जातं. शेवटचा रकाना कुठे जात नाही. मे महिन्यात सुनावणीची तयारी करताना त्याने पहिल्यांदा सगळे कागद ओळीने वाचले. रविवार होता. तो उठला, थर्मामीटर घेऊन तळघरात गेला. दोन वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच. वर आला आणि म्हणाला, अकरा अंश."

शेवटचा रकाना आधी वाचा. तीस वर्षं मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि बाबा स्वतः ते कुणाकडून शिकले हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

"शेळ्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या," मी म्हणाले. "पण सुनावणी व्हायची होती. एक वाक्य बोलले असते तर बोर्गहिलचं नाव सुटलं असतं."

"मी म्हटलं त्याला, सांगून टाक. तो म्हणाला, तुरीद, पाच माणसं गेली आहेत. हे खोरं तुला जगू देणार नाही. मी तुला वाचवतोय." आईने सुपावर झाकण ठेवलं, मग पुन्हा काढलं. "मला. भट्टी त्याची, हिशेब त्याचा, चूक त्याची, आणि वाचवायचं मला. चौतीस वर्षं मी वाचलेली बाई म्हणून जगले. नोकरीचं पत्र ऑस्लोहून आलं ते त्याच जुलैत. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही."

"कागदाचं त्यांनी काय केलं?"

"बघितलं नाही."

"तू बोलू शकली असतीस."

"हो." ती माझ्याकडे बघत होती. "ते माझं आहे. ते त्याच्यावर टाकू नकोस. तुला तेवढंच सोपं वाटेल."

मला रडू आलं नाही. अंत्यविधीलाही आलं नव्हतं. बाबांनी मला वाचायला शिकवलं, बोटाने ओळ दाखवत, एकही शब्द गाळू न देता. त्या बोटावरचा माझा विश्वास मी त्या टेबलाशी बसून कुठे ठेवू, हे मला कळत नव्हतं.

"बोर्गहिल जिवंत आहे," मी म्हणाले. "तिला लिहून हवंय."

आईने हात पुसले. "वही दे."

६

संस्थेला मी सगळं कळवलं. अकराचे दहा झालेले आकडे, सुनावणीतला शब्द, गुनवोरची सही. गुनवोरने सही करताना एवढंच म्हटलं, "डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मी डॉक्टरांना काय सांगायची, असं वाटलं मला. नंतर सांगावंसं वाटलं, तेव्हा ते मोठे झाले होते." संस्थेतून बाबांच्याच एका विद्यार्थ्याचा फोन आला. अतिशय मवाळ आवाजात त्याने विचारलं, "हे आत्ताच कशाला? निदान वर्षभर जाऊ द्या. तुम्ही दुःखात आहात." मी म्हटलं, दुःखात मी आहे, पण वर्षभराचा वेळ बोर्गहिलकडे नाही.

स्केदालच्या वृद्धाश्रमात सकाळी अकराला कॉफी असते. बोर्गहिल खिडकीपाशी बसली होती, लहानशी, पाठ ताठ. आईने स्वतःची ओळख करून दिली नाही. गरज नव्हती.

"उशीर केलास, तुरीद," बोर्गहिल म्हणाली.

"हो."

"लिहून आणलंयस?"

आईने कागद पुढे केला. बोर्गहिलने तो घेतला नाही.

"मला वाचण्याइतकं दिसत नाही आता. आणि मला वाचून काय करायचंय? मला माहीतच होतं." तिने हनुवटीने खोलीकडे खूण केली. "त्यांना वाच. उभी राहून."

खोलीत पंधरा-सोळा माणसं असतील. काहींची आईबापं त्या पाचांत होती. कोपऱ्यात अस्लाउग होती, बरा कान आमच्याकडे करून. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे गेलेत. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि वाचायला लागली. ताप कुठून आला. कुणाच्या तळघरातून. कुणाला कधी कळलं आणि कोण गप्प राहिलं. तिने आपलं नाव आधी घेतलं, बाबांचं नंतर. शेवटचं वाक्य होतं: बोर्गहिलच्या चीजमुळे कुणीही आजारी पडलं नाही, ते चीज चांगलं होतं.

एका म्हाताऱ्याने कपात साखर घातली आणि बराच वेळ ढवळत राहिला. दुसरी एक बाई उठून काठी टेकत बाहेर गेली, आमच्याकडे न बघता. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं ओझं चार मिनिटांत उतरतं आणि त्याचा आवाजही होत नाही.

"शेळ्या राहिल्या," बोर्गहिल म्हणाली.

आईला कळलं नाही.

"नुसतं 'शेळ्या मारण्यात आल्या' असं लिहिलंयस तू. किती ते नाही. अडतीस होत्या. सात गाभण." तिने हात मांडीवर ठेवले. "घाल ते. आणि पहिल्यापासून वाच. अस्लाउगला नीट ऐकू आलं नसेल."

आईने माझ्याकडे पेन मागितलं. भिंतीला कागद टेकवून आकडे लिहिले. मग ती अस्लाउगच्या बऱ्या कानाच्या बाजूला गेली, उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून, जरा मोठ्याने, वाचायला लागली.